युनिक वेगळं, रँडम वेगळं

‘हा मोबाइल क्रमांक आधीच नोंदवलेला आहे.’ रात्रीच्या रनमध्ये बाकी सगळ्या टेस्ट पास होतात आणि एकच या संदेशावर अडकते. सकाळी कोणीतरी तीच टेस्ट पुन्हा चालवतं, ती पास होते आणि बिल्ड पुढे सरकतो. आठवड्याभरात दुसरीच एखादी टेस्ट अशी पडते. मग टीममध्ये ‘ती कधीकधी फेल होते, री-रन करा’ हे वाक्य रुळतं. ते रुळलं की समजावं, सूटवरचा विश्वास गेला. यापुढे खरा बग आला तरी त्याची बोळवण री-रनवरच होणार.

अशा टेस्टचं दुखणं पुष्कळदा कोडमध्ये नसतं, टेस्ट डेटात असतं. ऑटोमेशन लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की डेटा युनिक असणं आणि डेटा रँडम असणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच फंक्शनकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात. उदाहरणादाखल पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधला नव्या सभासदाच्या नोंदणीचा फॉर्म घेऊ. नाव, जन्मतारीख, मोबाइल, ईमेल, आधार, पॅन, पत्ता, वारसदार. आपल्याकडच्या कुठल्याही नोंदणीत थोड्याफार फरकानं हेच असतं.

आधी युनिकचं बघू. बहुतेक ठिकाणी सहा आकडी रँडम संख्या काढतात आणि ती नावाला, ईमेलला जोडून देतात. दहा लाख शक्यता आहेत, रात्रीतून दोनशे सभासद तयार होतात, मग टक्कर कशाला होईल, असं वाटतं. पण टक्कर कुठल्याही दोन नोंदींमध्ये होऊ शकते, म्हणून नोंदी मोजून चालत नाही, जोड्या मोजाव्या लागतात. दोनशे नोंदींच्या जोड्या होतात १९,९००. म्हणजे एका रात्रीत टक्कर व्हायची शक्यता जवळपास दोन टक्के. खोलीत २३ माणसं असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, ते गणित हेच. टेस्ट डेटाबेस रोज रिकामा होत नसेल तर नोंदी साठत जातात आणि साधारण ११८० नोंदींपाशी टक्कर व्हायची शक्यता पन्नास टक्क्यांवर पोहोचते. रात्री दोनशे धरले तर सहावी रात्र. ‘कधीकधी फेल होते’ याचं उत्तर इथे आहे.

दुसरी सवय म्हणजे रँडमऐवजी घड्याळाची वेळ मिलिसेकंदांपर्यंत जोडायची. एकच ब्राउझर एकामागून एक टेस्ट चालवत असेल तोवर हे निभतं. पाइपलाइन वेगवान करायला कोणी चार वर्कर समांतर लावले की दोन वर्कर एकाच मिलिसेकंदात सभासद तयार करतात, आणि ही टक्कर तुमच्या लॅपटॉपवर कधीच दिसत नाही, कारण तिथे वर्कर एकच असतो.

तिसरी म्हणजे यूयूआयडी. आवृत्ती ४ च्या यूयूआयडीत १२२ बिट रँडम असतात आणि पूर्ण वापरला तर टक्करीची काळजीच नको. पण तो ३६ अक्षरांचा असतो आणि आपलं फिल्ड वीस अक्षरांचं, म्हणून लोक पहिली आठ अक्षरं कापून घेतात. आठ अक्षरं म्हणजे ३२ बिट, सुमारे ४२९ कोटी शक्यता. इथे सत्त्याहत्तर हजार नोंदींना निम्मी शक्यता येते, छोट्या सूटला चालून जाईल. मात्र यूयूआयडीची आवृत्ती ७ हल्ली सर्रास वापरात येते आहे. तिचे पहिले ४८ बिट म्हणजे मिलिसेकंदांतली वेळ. तिची पहिली आठ अक्षरं कापलीत तर ती तब्बल ६५ सेकंद बदलतच नाहीत, आणि त्या मिनिटभरात तयार झालेले सगळे सभासद एकाच ओळखीचे निघतात. कोणी लायब्ररीत ४ च्या जागी ७ आणली आणि दुसऱ्या दिवशी अख्खी सूट लाल झाली, तर कारण इथे शोधा. कापायचंच असेल तर सातव्या आवृत्तीची शेवटची अक्षरं घ्या.

माझ्या मते युनिक असणं नशिबावर सोडूच नये, ते रचनेतच बसवावं. पाइपलाइन प्रत्येक रनला एक क्रमांक देते. प्रत्येक वर्करला क्रमांक असतो. वर्करच्या आत एक साधा काउंटर ठेवता येतो. हे तीन जोडले की झालं. रन ४१७२, वर्कर ३, त्यातला १५७ वा सभासद, म्हणजे ‘टी-४१७२-३-०१५७’. यात कुठेही फासे टाकलेले नाहीत, त्यामुळे टक्कर होण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय डेटाबेसमध्ये अनोळखी नोंद दिसली तर ती कुठल्या रनमध्ये, कुठल्या वर्करनं केली हे नुसतं बघून कळतं. मोबाइल क्रमांकासारखं दहा आकड्यांचं फिल्ड असेल तर जागा कमी पडते. तिथे रन क्रमांकाचे शेवटचे काही आकडे घ्या आणि ते आकडे फिरून पुन्हा यायच्या आत जुना डेटा पुसला जाईल याची सोय करा.

फेकर लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. पायथनच्या फेकरमध्ये ‘युनिक’ची सोय आहे आणि ती चांगली आहे, पण तिची स्मृती त्या प्रोसेसपुरतीच असते. शेजारच्या वर्करनं काय दिलं, काल रात्री डेटाबेसमध्ये काय गेलं, हे तिला माहीत नसतं. आणि यादीतली नावं संपली की ती सरळ एरर देते. पहिल्या नावांवर ‘युनिक’ लावून हजार सभासद मागणाऱ्याला हा अनुभव लवकर येतो. नाव युनिक असायची गरजही नसते. एकाच गावात एकाच नावाचे तीन सभासद असणं ही खरी परिस्थिती आहे, आणि सॉफ्टवेअर ती सांभाळतं का हे तपासायलाच हवं.

मग रँडम कशासाठी? आपल्याला सुचलं नसतं असं काही फॉर्मसमोर यावं म्हणून. १९८८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर एका वादळी रात्री घरून फोनच्या तारेवर विद्यापीठाच्या संगणकाशी जोडले गेले होते. पावसानं तारेवर गडबड होत होती, टाइप केलेल्या ओळीत भलतीच अक्षरं घुसत होती, आणि त्या अक्षरांनी युनिक्सचे रोजच्या वापरातले प्रोग्रॅम बंद पडत होते. त्यांनी ते विद्यार्थ्यांना प्रयोग म्हणून दिलं. १९९० साली छापलेल्या त्यांच्या निबंधात तपासलेल्या प्रोग्रॅमपैकी पाव ते एक तृतीयांश नुसत्या रँडम अक्षरांनी कोसळले किंवा अडकले असं दाखवलं होतं. फझिंग हे नाव तिथून रूढ झालं. पुढे २००० साली कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी हास्केल भाषेसाठी क्विकचेक आणलं. तुम्ही फक्त नियम सांगायचा, उदाहरणार्थ ‘ठेव आणि काढलेली रक्कम यांतला फरक म्हणजे शिल्लक’, आणि तो मोडेल असा डेटा ते शोधत राहतं. पायथनमधलं हायपोथेसिस त्याच वाटेवरचं. त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे मोडणारा डेटा सापडला की ते त्याला लहान लहान करत नेतं. शंभर अक्षरांचं विचित्र नाव देऊन न थांबता ‘एकच ॲपॉस्ट्रॉफी असली तरी फुटतं’ इथपर्यंत आणून देतं. डेव्हलपरला बग पटवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

पण रात्री फुटलेली टेस्ट सकाळी त्याच डेटावर पुन्हा फोडून दाखवता आली नाही, तर रँडमचा काही उपयोग नाही. संगणकाचा नेहमीचा रँडम हा खरा रँडम नसतो. एका सुरुवातीच्या संख्येपासून, म्हणजे सीडपासून, ठरलेल्या रीतीनं निघालेली ती माळ असते. पायथनमध्ये त्यासाठी मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी १९९७ साली तयार केलेला मर्सेन ट्विस्टर आहे. सीड तोच असेल तर माळ तीच. म्हणून प्रत्येक रनच्या लॉगची पहिली ओळ सीडची असू द्या, आणि तो सीड बाहेरून देऊन रन करता येईल अशी सोय ठेवा. काही टीम सीड ४२ वर कायमचा बांधून टाकतात. मग रोज रात्री तोच डेटा जातो आणि रँडम नावापुरता उरतो. मी म्हणेन, पुल रिक्वेस्टच्या बिल्डला बांधलेला सीड द्या, कारण तिथे डेव्हलपरला दुसऱ्याच्या बगमुळे थांबवणं योग्य नाही. रात्रीच्या रनला मात्र रोज नवा द्या.

सीड लिहून ठेवूनही डेटा पुन्हा तसाच येत नाही, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. कारणं शोधायला वेळ लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. सगळ्या सूटला मिळून एकच माळ असेल तर टेस्टचा क्रम बदलला, एक टेस्ट वाढली किंवा वर्करांची संख्या बदलली की पुढच्या सगळ्यांचा डेटा सरकतो. यावर उपाय म्हणजे रनचा सीड आणि टेस्टचं नाव यांवरून प्रत्येक टेस्टचा स्वतंत्र सीड काढणं. तो काढताना पायथनचं अंगभूत हॅश फंक्शन वापरू नका. मजकुरासाठी त्याचं उत्तर दर वेळी प्रोग्रॅम सुरू केला की बदलतं. एसएचए-२५६ सारखी स्थिर रीत घ्या. यूयूआयडीची आवृत्ती ४ पायथनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमकडून रँडम घेते, तुमच्या सीडशी तिचा संबंध नसतो. फेकरची आवृत्ती बदलली की नावांच्या याद्या बदलतात, म्हणून ती आवृत्ती बांधून ठेवा. आणि सर्वांत चकवणारं म्हणजे आजची तारीख. ‘१८ ते ६० वर्षांचा सभासद’ असं मागितलं की जन्मतारीख आजपासून मागे मोजली जाते. तोच सीड उद्या दिला तर जन्मतारीख एक दिवस पुढे सरकते, आणि बग नेमका त्या दिवसाचाच असतो. मोजणी ज्या तारखेपासून केली ती सीडच्या शेजारीच लिहा.

आता डेटाचं रूप. फॉर्मच्या दारातूनच परत जाणारा डेटा आतल्या कोडपर्यंत पोहोचत नाही. पॅन दहा अक्षरांचा आहे एवढ्यावर भागत नाही. पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर हा झाला साचा. त्यात चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं, व्यक्ती असेल तर इंग्रजी पी, कंपनी असेल तर सी. व्यक्तीच्या पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं असतं. रँडम अक्षरं टाकलीत तर तुमचा सभासद कधी कंपनी होईल, कधी ट्रस्ट, आणि टेस्ट भलत्याच वाटेनं जाईल. जीएसटी क्रमांकाच्या पंधरा अक्षरांत पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०, आणि त्यापुढची दहा म्हणजे तोच पॅन. आयएफएससीच्या अकरा अक्षरांत पाचवं शून्यच असतं. गोव्याचे पिनकोड ४०३ नं सुरू होतात. म्हणजे ही फिल्ड एकमेकांना बांधलेली आहेत. एकेक फिल्ड सुटं रँडम करू नका. आधी एक माणूस तयार करा, त्याला आडनाव, गाव, जन्मतारीख द्या, आणि बाकीची फिल्ड त्याच्यावरून काढा.

आधारचा बारावा अंक हा तपासणीचा अंक असतो. तो डच गणिती याकोबस व्हर्होफ यांनी १९६९ साली मांडलेल्या रीतीनं निघतो. बाराही अंक रँडम घेतलेत तर दहातले नऊ क्रमांक फॉर्म नाकारेल. कार्डांच्या क्रमांकाला आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची रीत असते. तिला एकेरी चूक कळते, पण ०९ च्या जागी ९० पडलं तर कळत नाही. व्हर्होफच्या रीतीला शेजारच्या अंकांची सगळी अदलाबदल कळते. निगेटिव्ह टेस्ट लिहिताना हा फरक हाताशी ठेवा. कार्डाच्या फिल्डमध्ये ०९ आणि ९० ची अदलाबदल करून ‘एरर यायलाच हवी’ असं लिहिलंत तर तुमची टेस्टच चुकीची आहे.

मराठी नावांसाठी मला तयार याद्यांवर भरवसा ठेवावासा वाटत नाही. स्वतःची चाळीसेक नावांची यादी करा आणि प्रत्येक नाव काहीतरी तपासण्यासाठी निवडा. ‘ज्ञानेश्वर’ घ्या. वाचणाऱ्याला ती चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी ती दहा चिन्हं आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन म्हणजे एकूण तीस बाइट लागतात. ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नाही तर व्हारचार-२ कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजली जाते. वीस लांबीच्या कॉलममध्ये इंग्रजीतलं नाव आरामात बसतं, देवनागरीतलं बसत नाही. सगळा टेस्ट डेटा इंग्रजीत असेल तर हे पहिल्यांदा कळतं ते काउंटरवरच्या कारकुनाला.

‘कऱ्हाडे’ त्याहून अवघड. यातला अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी टाइप होतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला ते वेगळे वाटतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तरीही या दोन रीती एक होत नाहीत, त्यासाठी कोडमध्ये वेगळी सोय करावी लागते. म्हणून यादीत कऱ्हाडे दोन्ही रीतींनी ठेवा आणि एका रीतीनं नोंदवून दुसऱ्या रीतीनं शोधा. गोव्यातलं, वसईतलं ॲपॉस्ट्रॉफी असलेलं डि’सोझा ठेवा, तेही साधं आणि वळणदार अशा दोन्ही अवतरणचिन्हांनी. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव नसलेली व्यक्ती ठेवा, आडनाव नसलेली ठेवा. मधलं नाव सक्तीचं करणारे फॉर्म अजून पुष्कळ आहेत, आणि तिथे अडणारी माणसं खरी असतात.

तारखांच्या कडा मात्र रँडमवर सोडू नका. २९ फेब्रुवारी १४६१ दिवसांत एकदा येते, ३१ मार्च वर्षातून एकदा. रँडम तिथे पोहोचेपर्यंत तुमचं रिलीज होऊन गेलेलं असेल. अशा तारखांची छोटी यादी हातानं करा आणि जनरेटरला सांगा की दर पाचातली एक तारीख या यादीतून उचल. २९ फेब्रुवारी २००८ ला जन्मलेला सभासद २०२६ मध्ये सज्ञान कोणत्या दिवशी धरायचा, हे आधी नियम लिहिणाऱ्यांकडून पक्कं करून घ्या. आणि रात्री दोनला चालणारी सूट यूटीसीवरच्या सर्व्हरवर असेल तर लक्षात असू द्या, पहाटे साडेपाचपर्यंत त्या सर्व्हरची तारीख आपल्या कालची असते. ‘आजची ठेव’ अशा टेस्ट तिथे फुटतात आणि दुपारी पास होतात.

राहिला प्रश्न जिवंत माणसांचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रॉडक्शनचा डंप घेऊन नावं बदलली की टेस्ट डेटा तयार, ही पद्धत सोडून द्या. लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं की अमेरिकेतली ८७ टक्के माणसं नुसत्या पोस्टाच्या झिप कोडवरून, जन्मतारखेवरून आणि लिंगावरून एकेकटी ओळखता येतील. नाव झाकलं म्हणून माणूस झाकला जात नाही. आपल्याकडे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ साली झाला आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. टेस्ट सर्व्हरवर पडून राहिलेला डंप हा सगळ्यांत सैल दरवाजा असतो.

बनवलेला डेटाही माणसापर्यंत जाऊ शकतो. व्यक्तींना दिलेल्या आधारचा पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा तपासणीचा, म्हणजे एकूण ८,००० कोटी क्रमांक शक्य आहेत. १३० कोटींहून अधिक दिले गेलेत. तुम्ही नियमात बसणारा क्रमांक रँडम काढला तर साधारण साठात एक कोणाचा तरी खरा असतो. रात्रीच्या दोनशे सभासदांत सरासरी तिघांचे. म्हणून टेस्ट वातावरणात पहिला अंक १ चालेल अशी सेटिंग करून घ्या आणि तपासणीचा अंक बरोबर ठेवून १ नं सुरू होणारेच क्रमांक बनवा. ती सेटिंग प्रॉडक्शनमध्ये बंद आहे, याची वेगळी टेस्ट लिहा. ईमेलसाठी एक्झाम्पल डॉट कॉम हे डोमेन १९९९ पासून याच कामासाठी राखून ठेवलेलं आहे. टेस्ट डॉट कॉम तसं नाही, ते कोणाच्या तरी मालकीचं आहे. अमेरिकेत ५५५-०१०० ते ५५५-०१९९ हे फोन क्रमांक कथा-सिनेमांसाठी वेगळे ठेवलेत. आपला दहा आकडी रँडम मोबाइल क्रमांक मात्र कोणाच्या तरी खिशात वाजण्याची दाट शक्यता असते. रात्री दोन वाजता अनोळखी पतसंस्थेचा ओटीपी आला तर तो माणूस घाबरेल, आपल्या नावावर कोणी कर्ज काढतंय असं त्याला वाटेल. टेस्ट सर्व्हरवरून एसएमएसचा गेटवे नेटवर्कच्या पातळीवरच तोडा, आणि संदेश साठवून ठेवणारा बनावट गेटवे तिथे बसवा. टेस्टला ओटीपी तिथून वाचता येतो.

शेवटचं काम सफाईचं. टेस्ट संपताच आपला डेटा पुसणारा कोड बहुतेक जण लिहितात, पण टेस्ट मध्येच कोसळली तर तो चालतच नाही, आणि चालला तर फुटलेल्या नोंदीचा पुरावा पुसून टाकतो. त्याऐवजी सफाई पुढच्या रनच्या सुरुवातीला करा. ‘टी-’ नं सुरू होणाऱ्या, आठवड्यापूर्वीच्या रन क्रमांकांच्या नोंदी पुसा, बाकीच्या राहू द्या. रन क्रमांक नावातच असल्यानं त्याला एक क्वेरी पुरते, आणि सोमवारी सकाळी शुक्रवारचा फुटलेला सभासद डेटाबेसमध्ये उघडून बघता येतो.